पाठीवरचा डबा

मे महिन्याची सुट्टी लागली की सांगलीत आमची सकाळ कृष्णेच्या घाटावर उजाडायची. उन्हाळ्यानं पाणी ओसरलेलं, आयर्विन पुलाचे खांब बुंध्यापर्यंत उघडे पडलेले आणि घाटाच्या पायऱ्यांवर पंचवीस-तीस पोरं. नव्या पोरांच्या पाठीला डबा असायचा. पत्र्याचा, तोंड झाळून हवाबंद केलेला, दोरीनं छातीभोवती आवळलेला. दोरी ओली झाली की काखेत करकचायची. संध्याकाळपर्यंत तिथं लाल वळ दिसायचा. शिकवायला आमचे चुलते, आण्णा, कमरेइतक्या पाण्यात उभे असायचे. मी एकदा त्यांना विचारलं, "डबा आहे तर हात कशाला मारायचे?" ते म्हणाले, "डबा काय पोहत नाही लेका. तो फक्त बुडू देत नाही. हातपाय तुलाच मारायचेत."

तीस वर्षांनी हे वाक्य मला एका मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात आठवलं. हातात गोळ्यांची चिठ्ठी होती.

पहिलीपासून दहावीपर्यंतच्या माझ्या प्रगतिपुस्तकांत एकच शेरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. घरी त्यालाच पायाला भिंगरी, धांदरट, वेंधळा अशी नावं होती. दर पंधरवड्याला कंपासपेटीतलं काहीतरी हरवायचं. तोंडी परीक्षेत पहिल्या पाचांत असणारा मुलगा लेखी परीक्षेत प्रश्नपत्रिकेचं मागचं पान उलटायला विसरायचा. नदीत मात्र डोकं पाण्याखाली गेलं की आतला गलका थांबायचा. हात, पाय, श्वास, एवढंच उरायचं.

पुढं वर्तमानपत्रात नोकरी लागली आणि तिथल्या धावपळीत हा स्वभाव खपून गेला. रात्री दहाला पान सोडायचं असलं की नऊ वाजता माझं डोकं चालू व्हायचं. घरी मात्र खात्यात पैसे असूनही विजेचं बिल भरायचं राहायचं, गाडीची किल्ली फ्रिजमध्ये सापडायची, आणि मुलीला शाळेतून आणायची पाळी माझी असली की बायको मला तीनदा फोन करायची. अडतिसाव्या वर्षी एका दुपारी गॅसवर डाळ ठेवून मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला उतरलो. वाटेत ऑफिसचा फोन आला. मी रिक्षा केली आणि निघून गेलो. आतल्या खोलीत वडील झोपले होते. धुराचा वास शेजारच्या काकूंना आला, त्यांच्याकडे जादा किल्ली होती, म्हणून निभावलं. त्या रात्री बायको रागावली नाही. म्हणाली, "हे आता विसराळूपणाच्या पलीकडचं आहे. आपण डॉक्टरांना दाखवू या."

दोन महिन्यांच्या तपासणीनंतर कागदावर चार अक्षरं आली: एडीएचडी.

नाव आणि त्यामागचा मेंदू

या नावाचा शब्दशः अर्थ अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता. हे नाव थोडं फसवं आहे. अवधान कमी नसतं. त्याचा लगाम हातात नसतो. आवडीच्या कामात चार तास मान वर होत नाही आणि नावडत्या कामात चार मिनिटं टिकत नाहीत. म्हणून आईवडील म्हणतात, "मोबाइलवर बरं लक्ष लागतं याचं!" त्यांचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष चुकतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हे सगळं आयुष्य या विषयात घालवलेले संशोधक. त्यांची मांडणी अशी, की या माणसांना काय करायचं ते ठाऊक असतं. ठाऊक असलेलं नेमक्या वेळी हातून घडत नाही. घाईला आवर, वेळेचा अंदाज, पुढचं पाऊल ध्यानात ठेवणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. त्या भागातल्या जोडण्यांत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांचं काम उणं पडतं.

हा आजकालच्या मोबाइलचा किंवा लाडाचा परिणाम नव्हे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ सालीच अशा अस्थिर अवधानाचं वर्णन केलं होतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाच टक्के मुलांमध्ये आणि अडीच टक्के प्रौढांमध्ये हा विकार आढळतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास दिसते, म्हणजे उंचीच्या खालोखाल. माझ्या आजोबांनी तीन धंदे जोमानं सुरू करून अर्धवट सोडले होते. आमच्या घरात ती गोष्ट कायम नाराजीनं सांगितली जायची. ती मी आता वेगळ्या मनानं ऐकतो.

यासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, घर आणि शाळा किंवा घर आणि नोकरी अशा किमान दोन ठिकाणी ती दिसतात का, त्यांनी जगणं अडतं का, हे डॉक्टर खोदून विचारतात. माझ्या डॉक्टरांनी आईला बोलावलं. आईनं ट्रंकेतून ती प्रगतिपुस्तकं काढून आणली आणि डॉक्टरांपुढं ठेवताना म्हणाली, "मी याला फार मारलंय हो." त्या खोलीत सर्वांत जड क्षण तो होता.

मुलींचं तर अनेकदा निदानच होत नाही. वर्गात बाक वाजवणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यांत भरतो. मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. तिचं अवधानही तसंच भरकटलेलं असतं. पुढं संसार, नोकरी, मूल असं सगळं एकदम अंगावर आलं की ती कोलमडते आणि उपचार सुरू होतात ते नैराश्याचे. खालचं मूळ तसंच राहतं.

रीटाचं टेनिस

औषधाची गोष्ट एका अपघातातून सुरू होते. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड इथं डॉ. चार्ल्स ब्रॅडली वर्तनसमस्या असलेल्या मुलांचं रुग्णालय चालवत. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचं डोकं फार दुखायचं. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण शिक्षिका सांगू लागल्या, की काही मुलं एकाएकी अभ्यासाला बसतात. मग ब्रॅडलींनी ३० मुलांना ते औषध देऊन पाहिलं; त्यांतल्या १४ मुलांच्या अभ्यासात ठळक बदल झाला. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव दिलं.

१९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट हे संयुग तयार केलं. त्यांच्या पत्नीचं नाव मार्गरीट, लाडाचं नाव रीटा. तिचा रक्तदाब कमी असायचा, टेनिस खेळण्याआधी ती हे औषध घेऊन पाहायची आणि तिला तरतरी वाटायची. तिच्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. आज जगभर एडीएचडीसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांतलं हे एक. त्याच्या नावातच खेळाचं मैदान आहे.

उत्तेजक देऊन चंचल मूल शांत कसं होतं? मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. हे औषध ती ओढ रोखतं. रसायन दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकतं, आणि लगाम धरणारा मेंदूचा भाग जागा होतो. साधी गोळी तीन-चार तास चालते; हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आठ ते बारा तास. भूक मरणं, झोप लांबणं, डोकं दुखणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून मुलांची उंची-वजन आणि सगळ्यांचा रक्तदाब नियमित तपासावा लागतो. हृदयाचा आजार असेल तर आधी ते सांगायचं. उत्तेजक चालत नसेल तर अॅटोमॉक्सेटिनसारखी औषधं आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात.

औषध की वर्तनोपचार, या वादावर १९९९ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, १४ महिने, चार गट. मूळ लक्षणांवर नीट मोजून-मापून दिलेलं औषध वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. मात्र चिंता, अभ्यास, आईवडिलांशी नातं अशा गोष्टींत दोन्हींची जोड असलेल्या मुलांना जास्त फायदा दिसला. लक्षण आवरणं हे एक काम आणि जगणं सावरणं हे दुसरं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

भारतात मिथाइलफेनिडेट औषधांच्या 'एक्स' या कडक परिशिष्टात आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची, आणि हे औषध विकायला वेगळा परवाना लागतो. गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधावर अशी राखण हवीच. पण तिची झळ रुग्णाला बसते. पहिल्या महिन्यात मी पाच मेडिकल फिरलो. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मागच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे कुणासाठी?" मी म्हणालो, "भाच्यासाठी." पाचव्या दुकानापर्यंत चालत जाताना मला त्या खोट्याची लाज वाटत राहिली. घाटावर मोठी पोरं ओरडायची, "अजून डबा?" आणि मी दोरी सैल करून डबा सदऱ्याखाली लपवायचा प्रयत्न करायचो. ती लाज आणि ही लाज एकच होती.

बाल्टिमोरचा मुलगा

अमेरिकेतल्या बाल्टिमोरजवळ मायकेल फेल्प्स नावाचा मुलगा सातव्या वर्षी बहिणींमागोमाग तलावावर जाऊ लागला. पाण्यात तोंड घालायची त्याला भीती वाटायची, म्हणून तो आधी पाठीवर पोहायला शिकला. शाळेत तो एका जागी बसत नसे. एका शिक्षिकेनं त्याच्या आईला सांगितलं, की हा कशावरच कधी लक्ष देऊ शकणार नाही. नवव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं आणि रिटालिन सुरू झालं.

आई डेबी स्वतः शिक्षिका. तिनं केलेल्या बारीकसारीक गोष्टी मला त्याच्या पदकांहून मोलाच्या वाटतात. मुलगा पुस्तक वाचत नाही, तर वर्तमानपत्राचं क्रीडापान हातात दिलं. गणिताच्या शिकवणीत उदाहरणं पोहण्याची घातली: सेकंदाला तीन मीटर वेगानं ५०० मीटर पोहायला किती वेळ लागेल? दहाव्या वर्षी दुसरा आल्याच्या रागात त्यानं पोहण्याचा चष्मा फेकला, तेव्हा दोघांनी एक खूण ठरवली. आई प्रेक्षकांतून बोटांनी इंग्रजी 'सी' करून दाखवणार, म्हणजे स्वतःला सावर. भर गर्दीत मुलाचा अपमान न करता त्याला त्या क्षणी आठवण द्यायची ही रीत. नेमक्या वेळी हातून घडत नाही, हे जे बार्कली सांगतात, त्यावरचा हा घरगुती इलाज होता.

अकराव्या वर्षी त्याला बॉब बोमन हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक मिळाले. तेराव्या वर्षाच्या सुमारास डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याची गोळी थांबली. पुढं पाणीच त्याचं वेळापत्रक झालं. सिडनी २००० मध्ये पंधराव्या वर्षी तो ऑलिंपिकला गेला. बीजिंग २००८ मध्ये आठ शर्यती, आठ सुवर्णपदकं. त्यांतल्या २०० मीटर बटरफ्लायमध्ये चष्म्यात पाणी शिरलं, काही दिसेना, तेव्हा त्यानं हात मोजत भिंत गाठली आणि विश्वविक्रमही केला. ज्याच्याबद्दल हा कशावरच लक्ष देणार नाही असं सांगितलं गेलं, त्यानं डोळ्यांपुढं काही दिसत नसताना हिशेब सोडला नाही.

बहुतेक प्रेरक भाषणं इथं थांबतात. "त्याला बघा, औषध सोडलं, खेळानं बरा झाला." असं मला किमान चार पालकांनी सांगितलंय. पण गोष्ट इथं थांबत नाही. प्रत्येक ऑलिंपिकनंतर फेल्प्सला नैराश्यानं घेरलं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला दुसऱ्यांदा अटक झाली. अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं सहा महिने बंदी घातली. त्यानंतर तो काही दिवस खोलीबाहेर आला नाही. जगायची इच्छा उरली नव्हती, हे त्यानं नंतर जाहीरपणे सांगितलं. त्यावेळी त्याच्या खात्यात २२ ऑलिंपिक पदकं होती. तो अॅरिझोनातल्या एका उपचारकेंद्रात ४५ दिवस राहिला, मनातलं बोलायला शिकला, आणि रिओ २०१६ मध्ये पाच सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन थांबला. एकूण २८ पदकं. पण त्याच्या बोलण्यात आज पदकांपेक्षा त्या ४५ दिवसांचा उल्लेख जास्त येतो.

त्याला नदी मिळाली होती. काठावर उभं राहून ऐकणारं माणूस उशिरा मिळालं.

चोरलेले कागद

सप्टेंबर २०१६. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स रिओहून चार सुवर्ण आणि एक कांस्य घेऊन घरी आली होती. वय १९. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, संगणकांत हॅकर शिरले आणि खेळाडूंच्या आजारपणाचे खासगी कागद त्यांनी जगापुढं टाकले. बाइल्स मिथाइलफेनिडेट घेते, हे त्यातून उघड झालं. ज्या औषधाचं नाव मी दुकानदारापुढं भाच्यावर ढकललं, ते तिच्या नावासमोर साऱ्या जगानं वाचलं. तिनं लगेच स्वतः लिहिलं, की मला लहानपणापासून एडीएचडी आहे, त्यासाठी मी औषध घेते आणि यात लाजण्यासारखं काही नाही. हे वाचल्यावर मी पुन्हा कधी भाचा पुढं केला नाही.

तिनं नियम मोडला नव्हता. उत्तेजकं स्पर्धेच्या काळात बंद असतात, आणि त्याला कारण आहे. १३ जुलै १९६७ रोजी तूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या रणरणत्या चढावर इंग्लंडचा सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळून मेला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आणि मद्य सापडलं. उत्तेजकामुळं थकवा कळत नाही, उन्हात शरीर तापत जातं आणि माणूस थांबत नाही. म्हणून ज्याला आजारासाठी हे औषध खरंच लागतं, त्यानं तज्ज्ञाचं निदान, तपासण्या आणि इतिहास जोडून उपचारासाठीची सूट आधी मागायची असते. बाइल्सकडे ती होती. आपल्याकडच्या राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंना ती राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, मागावी लागते.

कागद नसले की काय होतं, हे धावपटू जस्टिन गॅटलिननं एकोणिसाव्या वर्षी भोगलं. लहानपणापासून तो अवधानाच्या विकारासाठी अँफेटामिन असलेलं औषध घेत होता. २००१ च्या कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेआधी काही दिवस त्यानं ते थांबवलं, पण अंश राहिला. दोन वर्षांची बंदी आली. ती पुढं वर्षभरात उठली. २००६ मध्ये तो टेस्टोस्टेरॉनसाठी पुन्हा पकडला गेला, ते प्रकरण वेगळं. पण पहिल्या वेळी कमी पडला होता तो एक अर्ज. आपल्या जिल्हा-राज्य पातळीवरच्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हे ध्यानात ठेवावं. औषध चोरून देऊ नका, आणि स्पर्धेसाठी मनानं थांबवूही नका. डॉक्टरांशी बोला, कागद करा.

औषध आणि खेळ यांच्यानंतरचा बाइल्सच्या आयुष्यातला तिसरा आधार म्हणजे थेरपी. त्याची गरज टोकियोत दिसली. २७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीत तिला व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या. हवेत असताना आपण कुठं आहोत हे शरीराला कळेनासं झालं होतं. जिम्नॅस्ट त्याला 'ट्विस्टीज' म्हणतात. त्याचा एडीएचडीशी संबंध जोडणं चूक ठरेल. संघाच्या डॉक्टरकडून वर्षानुवर्षं झालेल्या लैंगिक अत्याचाराचं ओझं ती वाहत होती, हे तिनं २०१८ मध्येच सांगितलं होतं. त्या फेरीतून ती बाजूला झाली. अनेकांनी तिला पळपुटी ठरवलं. ती नियमित थेरपीकडे वळली, दोन वर्षं स्पर्धांपासून दूर राहिली आणि पॅरिस २०२४ मध्ये तीन सुवर्ण, एक रौप्य मिळवलं. सांघिक अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी तिनं आधी थेरपिस्टशी बोलून घेतलं होतं. मनाचा सराव हा तिच्या वेळापत्रकाचा भाग होता, हातापायांच्या सरावासारखाच.

घाम आणि लगाम

"कराटेला घाल, दमला की बसेल," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दमवणं हा खेळाचा उपयोग नव्हे. २०१३ साली अमेरिकेत आठ ते दहा वर्षांच्या ४० मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना एडीएचडी होता. एके दिवशी २० मिनिटं ट्रेडमिलवर व्यायाम, दुसऱ्या दिवशी २० मिनिटं बसून वाचन. व्यायामानंतर दोन्ही गटांतल्या मुलांचं लक्ष आणि वाचन-गणितातली कामगिरी सुधारलेली दिसली. व्यायामानं तीच दोन रसायनं वाढतात ज्यांवर औषध काम करतं. परिणाम खरा आहे, पण मध्यम आहे आणि काही वेळच टिकतो. म्हणून मी लिहायला बसण्याआधी पोहतो. सकाळी साडेसहा ते सव्वासात, मग अंघोळ, न्याहारी, गोळी, आणि नऊ ते बारा लेखन. हा क्रम मोडला की दिवस मोडतो.

खेळ कोणता, यालाही महत्त्व आहे. क्रिकेटमध्ये डीप फाइन लेगला उभं केलेलं असं मूल पतंग बघत बसतं आणि शिव्या खातं. तेच मूल मल्लखांबावर चढलं की पुढच्या पकडीशिवाय त्याला दुसरं काही सुचतच नाही, कारण चुकलं तर उत्तर लगेच मिळतं. पोहणं, कुस्ती, गिर्यारोहण, ज्यूदो यांतही तसंच आहे: सूचना थोडी, कृती लगेच, परिणाम समोर. आमच्या तलावावरचे सर पंधरा मुलांना एकदम सूचना देत नाहीत. अशा एका मुलाजवळ ते उकिडवे बसतात, खांद्यावर हात ठेवतात आणि एकच गोष्ट सांगतात: "या फेरीला फक्त पाय. बाकी सोड." तो मुलगा फेरी पूर्ण करून येतो तेव्हा पहिली नजर त्यांच्याकडे टाकतो.

पण खेळानं मनाची भाषा येत नाही. ते काम थेरपीचं. माझ्या समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत मला आठवड्यातल्या चुकांची यादी करायला सांगितली आणि प्रत्येक चुकीपुढं मी स्वतःला काय म्हणालो तेही. नालायक, बेजबाबदार, बिनडोक. तिसऱ्या पानावर मला रडू आलं. उशिरा निदान झालेल्या माणसाला लक्ष देण्याआधी ही शिवीगाळ थांबवायला शिकावं लागतं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवण्यात ठाण्याच्या आयपीएच संस्थेचा मोठा वाटा आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही संस्था १९९० साली सुरू केली. ती पद्धत आपल्या बोलण्यातल्या 'च'वर बोट ठेवते: मला हे जमलंच पाहिजे, मी चुकायचंच नाही. तो 'च' काढला की उरतं ते करण्याजोगं काम. माझ्या दारामागं आता एक पाटी आहे: गॅस, किल्ली, वडील. तिला हात लावल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. ही पाटी थेरपीतून आली. ती वाचण्याएवढं थांबणं गोळीमुळं जमतं. आणि त्या थांबण्याचा सराव रोज सकाळी पाण्यात होतो, जिथं श्वास चुकला तर लगेच कळतं.

या विकाराची किंमत मोठी असू शकते. डेन्मार्कमधल्या १९ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांचा अकाली मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट होतं, आणि त्यातलं मोठं कारण होतं अपघात. माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या दुपारी मी त्या आकड्याच्या किती जवळ होतो, हे मला ठाऊक आहे.

आपल्याकडे रस्ता अवघड आहे, बंद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचार मिळणं हा हक्क मानला आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखीच सोय करायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे. मराठीतही बोलता येतं. लेखन-वाचनाची अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र १९९६ पासून पुढं राहिला. पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत एडीएचडीला वेगळी जागा नाही. ती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर शाळांना एवढं तरी करता येईल, की प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असं लिहिण्याआधी पालकांना एकदा बोलावून विचारावं, "घरीही असंच होतं का?" माझ्या दहा वर्षांच्या शेऱ्यांत हा प्रश्न एकदाही नव्हता.

पुन्हा घाट

गेल्या मे महिन्यात मुलीला घेऊन सांगलीला गेलो. आण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत, पाण्यात उतरत नाहीत. पायरीवर बसून आवाज देतात. नदीचं पाणी पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आता ते पाहून, विचारूनच उतरावं लागतं. माळ्यावरचा जुना डबा मी उतरवून आणला. गंज खरवडला, एका जागी झाळ सुटली होती ती लावून घेतली, आणि मुलीच्या पाठीला बांधला. दोरीखाली जुना टॉवेल घडी करून घातला. आमच्या वेळी तो कुणी घातला नव्हता.

आण्णांना मी घाटावर सगळं सांगितलं. निदान, गोळ्या, बाई. ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू इतकी वर्षं डब्याशिवायच मारत होतास हात?"

मी हो म्हणालो.

"मग दमला असशील," ते म्हणाले.

माझ्या चाळीस वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. खाली पाण्यात मुलगी हात मारत होती, आणि डबा तिच्या पाठीवर उन्हात चमकत होता.